बारा नारळ

“किती माणसं बसतात रे तुझ्या होडीत?” देवस्थळी साहेबांनी विचारलं.

“कुठली माणसं?” मी म्हणालो.

शाळेच्या पडवीत जमलेला अर्धा गाव हसला. साहेब हसले नाहीत. त्यांच्या मांडीवर एक छापील कागद होता आणि त्यावर माझ्या नावापुढचे बरेच चौकोन अजून रिकामे होते.

“माणसं म्हणजे माणसं. तुझ्यामाझ्यासारखी.”

“माझ्यासारखी असली तर पंधरा. तुमच्यासारखी असली तर आठ.”

साहेब अंगाने चांगले भरलेले होते आणि मी वल्ह्यासारखा, म्हणून जे खरं ते सांगितलं. पण माझी बायको अनसूया खांबाआडून डोळे वटारत होती. त्यावरून ओळखलं, की उत्तर चुकलं.

ही पंचवीस वर्षांमागची गोष्ट. आमचं आडवली गाव खाडीच्या अलीकडे. बाजार, दवाखाना, हायस्कूल, एसटी, सगळं पलीकडे बंदरवाडीला. गाडीरस्त्याने जायचं तर दोन तासांचा वळसा. म्हणून आधी आजा, मग बा, मग मी, अशी आमच्या घरातली माणसं तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवत आली. त्या साली दुसऱ्या कुठल्याशा खाडीत एक होडी उलटली आणि सरकारने नियम काढला, की उतारू नेणाऱ्या प्रत्येक तारीकडे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र पाहिजे. एक दिवस शिकवणी आणि तोंडी, दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. नापास झाला त्याची होडी त्याच दिवसापासून बंद.

मला दुसरा धंदा येत नव्हता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साक्षरता वर्गात पाटी हातात धरली होती, पन्नाशीला स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं होतं आणि दुकानांवरच्या मोठ्या अक्षरातल्या पाट्या वाचता येत होत्या. एवढ्या विद्येवर मला कोण कुठे उभं करणार होतं?

सकाळी पोहण्यात पास झालो होतो. दोरीच्या गाठींत तर साहेबच माझ्याकडून एक गाठ शिकले होते. गाडं अडलं ते इथे, तोंडीत.

“हे बघ हरचंद,” साहेब म्हणाले, “तुझ्या होडीचं माप घेतलं आहे. उतारू बारा. बाराच्या वर एकही नाही. निघण्यापूर्वी बोट दाखवून मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. आता सांग, निघण्यापूर्वी काय काय करशील?”

“मोजायचं सोडून बाकी सगळं करीन.”

“मोजता येत नाही?”

“येतं. पण होडीत बसलेली माणसं मोजत नाहीत, साहेब. मोजली की उणी होतात.”

पडवीतल्या माना डोलल्या. आमच्याकडे जेवणाऱ्या पोराच्या भाकऱ्या मोजत नाहीत आणि होडीतली माणसं मोजत नाहीत. हे कोणी शिकवावं लागत नाही.

“कधी मोजून पाहिलीत का?”

“आज्याने एकदा मोजली होती. कोण एक गोरा साहेब आला होता, त्याने भरीला घातलं म्हणून. चौदा मोजली. पलीकडे उतरली पंधरा.”

“पंधरावा कुठून आला?”

“होडीत बाई होती, तिचे दिवस भरले होते.”

साहेबांनी चष्मा काढला. “मग उणं कुठे झालं? एक वाढलं की!”

“तेच तर म्हणतो मी. मोजून काय उपयोग झाला?”

आता गाव पोट धरून हसायला लागला. सरपंच तात्या मयेकर साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. धक्क्यावर दिवा मंजूर करून घ्यायचा होता, म्हणून दोन दिवस ते साहेबांच्या शेजारून हलले नव्हते. ते गावावर ओरडले आणि सगळे गप्प झाले.

“मग होडी भरली हे तुला कळतं कसं?” साहेबांनी विचारलं. हे मात्र त्यांनी मनापासून विचारलं.

“खिळ्यावरून.”

मी सांगितलं. बाने होडीच्या कुशीला, बाहेरच्या अंगाने, बरोबर मधोमध तांब्याचा एक खिळा ठोकून ठेवला होता. माणसं बसत आली की मी पाण्यात उतरून बघायचो. पाणी खिळ्याला टेकलं, की त्याच्यावर मांजरसुद्धा घ्यायचं नाही, मग मागे उभा असलेला मामलेदार का असेना.

“खिळा नियमात नाही,” साहेब म्हणाले. “उद्या बारा माणसं मोजून घ्यायची, पलीकडे न्यायची, परत आणायची. मोजली नाहीस तर मला नापास लिहावं लागेल. मला आनंद नाही त्यात. पण लिहावं लागेल.”

घरी आल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. अनसूयाने चहा दिला नाही. माळ्यावरून नारळ काढले आणि अंगणात दोन ओळींत मांडले, होडीत माणसं बसतात तसे.

“मोजा,” ती म्हणाली. ती चौथी पास. घरात हुकूम तिचाच.

मी मोजले. बारा भरले.

“आला की आकडा.”

“अगो, हे नारळ हायत.”

“मग उद्या माणसांना नारळ समजा नि मोजा. नारळ मोजू नये असं काय देवाने सांगितलंन नाय.”

“आणि उणे झाले तर?”

“नारळ उणे होतील. माणसांना काय होतंय?”

तीन पिढ्यांची अडचण बाईने चूल पेटवता पेटवता सोडवली होती. मी गुपचूप उठलो आणि नारळ परत माळ्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी साहेब पलीकडे जीप ठेवून माझ्याच होडीतून आले. बरोबर सरकारी सामान होतं. बारा नारिंगी जाकिटं, एक नवा लोखंडी नांगर, पाण्यात फेकायच्या दोन कड्या, आग विझवायचं लाल नळकांडं आणि वाळूने भरलेल्या दोन बादल्या. साहेबांच्या यादीप्रमाणे ते सगळं मी होडीत लावून घेतलं.

“वाळू कशाला, साहेब?”

“आग लागली तर.”

“होडीला इंजिन नाही. चूल नाही. मी विडी ओढत नाही. आणि चारी बाजूंनी पाणी आहे.”

“यादीत आहे,” साहेब म्हणाले.

मे महिना होता, शाळेला सुट्टी. माझ्या रोजच्या उतारूंत निम्मी पोरं असायची. त्या दिवशी एकही नव्हतं. सोमवारचा बाजार म्हणून मोठी माणसं मात्र भरपूर. साहेब बसले. त्यांना चिकटून तात्या बसले. तात्यांच्या मागे पंचायतीचे चार मेंबर बसले, आणि ते काही उपाशी मरणाऱ्यांपैकी नव्हते. पाच बाजारकरू बसले. शेवटी काशीआते कोंबडी काखेत धरून चढली. वय सत्तरच्या पुढे, अंगावर मांस नाही, पण तोंड असं की भरतीच्या पाण्याने मागे फिरावं. सगळ्यांना जाकिटं घातली. अनसूया धक्क्यावर उभी राहिली.

“मोज,” साहेब म्हणाले.

मी देवाचं नाव घेतलं आणि साहेबांकडे बोट केलं. “हा एक नारळ.”

“काय?”

“हा दुसरा नारळ.”

“नारळ कोणाला म्हणतोस रे?” तात्या उसळले. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

“बरोबरच म्हणतोय की तात्या,” काशीआते म्हणाली. “सोललेला दिसतोस.”

“मधे बोलू नका. त्याला मोजू द्या,” साहेब म्हणाले.

मी शेवटपर्यंत मोजलं. काशीआतेपाशी बारा नारळ झाले. वही मांडीवर घेऊन माझ्या हाताने बाराचा आकडा लिहिला. एक थोडा वाकडा आला, पण दोन झकास आला. साहेबांनी चौकोनात खूण केली. धक्क्यावरून अनसूयाने माझ्याकडे असं बघितलं, की लग्नात तरी बघितलं होतं की नाही कोण जाणे.

“चल, सोड होडी.”

मी दोर सोडला आणि सवयीने पाण्यात उतरलो. कुशीकडे बघितलं. खिळा दिसेना. हाताने चाचपला. तो दोन बोटं पाण्याखाली होता.

मी परत वर आलो आणि दोर पुन्हा खुंट्याला बांधला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“खिळा बुडालाय. एक-दोन नारळ उतरवा.”

“बारा आहेत. नियम बाराचाच आहे. तूच मोजलेस.”

“मोजले ते बरोबर मोजले. पण खिळा बुडालाय. नाहीतर त्या वाळूच्या बादल्या तरी उतरवा, नि तो नांगर.”

“सुरक्षिततेचं सामान उतरवता येत नाही.”

“मग माणसं उतरवा.”

होडीत कोणी हलेना. तात्यांना साहेबांशेजारी बसायचं होतं, मेंबरांना तात्यांशेजारी बसायचं होतं आणि बाकीच्यांना बाजार गाठायचा होता. तात्यांनी तोडगा काढला.

“काशीआतेला उतरवा. तिचं काय काम आहे परीक्षेत?”

“मी उतरते रे,” काशीआते म्हणाली. “पण मला उतरवून खिळा केसभर वर यायचा नाय. तू नुसती एक मांडी उतरव, बघ कसा टुणकन वर येतो.”

असा घोळ चालला. एक मेंबर म्हणाला, हळू हळू जाऊ. दुसरा म्हणाला, आम्ही श्वास धरून बसतो. अनसूया काठावरून म्हणाली, “अवो, सोडा ना आता! दोन बोटांचा तर सवाल हाय.”

मी खाडीकडे बघितलं. ओहोटी लागली होती आणि समुद्रावरचा वारा आत यायला लागला होता. मध्यावर दोघं समोरासमोर येतात तेव्हा तिथलं पाणी उड्या मारतं. काठावरून ते दिसत नाही, चुन्याची रेघ ओढल्यासारखी नुसती पांढरी ओळ दिसते. ती ओळ दिसायला लागली होती.

“हरचंद,” साहेब शांतपणे म्हणाले, “मी परीक्षक आहे. मी तुला सूचना देतो, होडी सोड.”

“नाही सोडत.”

“मग नापास लिहू?”

हात दोराकडे गेलासुद्धा. गाठ मीच बांधलेली, एका हिसक्यात सुटणारी. सगळी माणसं माझी, ओळखीची, आणि सगळी सोड सोड म्हणणारी. अनसूयाने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी हात मागे घेतला आणि पायरीवर बसलो.

“लिहा,” मी म्हणालो. “पण लिहायला खाली उतरा. तेवढीच होडी हलकी होईल.”

साहेबांनी पेन खिशाला लावलं. मग कागद काखेत मारून उठले. होडी अशी डुलली की चार मेंबरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. साहेब धक्क्यावर आले. मी वाकून बघितलं. खिळ्याचं डोकं पाण्यात येत-जात होतं.

“अजून एक,” मी म्हणालो आणि तात्यांकडे बघितलं.

“मी सरपंच आहे!”

“खिळ्याला माहीत नाही, तात्या.”

तात्या उतरले. खिळा वर आला, ओला, तांबूस, चकचकीत. मी वहीतल्या बारावर काट मारून दहा लिहिले, दोर सोडला आणि वल्हं हातात घेतलं.

मध्यावर पाणी उभं होतंच. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून होडीच्या काठाखाली चार बोटांवर येऊन परत जात होतं. एक लाट आत आलीच. कोंबडी चिंब भिजली. काशीआते पहिल्यांदाच गप्प बसली होती. श्वास धरतो म्हणणारा मेंबर आता खरोखर धरून बसला होता. मी नाक लाटेकडे ठेवलं आणि धीराने वल्हवत राहिलो.

पलीकडे लागल्याबरोबर मात्र सगळे उड्या मारून उतरले आणि चालायला लागले.

“अरे, कुठे? परत जायचंय! माझी परीक्षा हाय!”

“परीक्षा तुझी हाय, आमची नाय,” काशीआते चढण चढता चढता म्हणाली. “धक्क्यावर तासभर बसवून ठेवलंस. बाजार उठला तर ही कोंबडी काय तुझा खिळा घेणार?”

“अगो, जाकीट तरी दे!”

“परत येताना देते. ह्याच्यावरनं कोंबडी टोचत नाय.”

दहा नारिंगी पाठी बाजाराच्या गर्दीत शिरल्या. मी मोकळी होडी घेऊन माघारी आलो.

साहेब पायरीच्या खाली उभे होते. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. मी विचारलं नाही. अनसूयाने नंतर सांगितलं, की आमची होडी मध्यावर नाचायला लागली तसे साहेब एकेक पायरी खाली उतरत पाण्यात गेले, आणि गेले हे त्यांना कळलंही नाही. आणि तात्या म्हणाले होते, “आणखी आपण दोघं असतो तर...” आणि तिथेच थांबले होते.

“दहा नेलीस,” साहेब म्हणाले. “परत किती आणलीस?”

“एकही नाही.”

“आणि जाकिटं?”

“बाजारात गेली.”

साहेबांनी पेन उघडलं.

“मी सांगितलं होतं, साहेब,” मी म्हणालो. “मोजली की उणी होतात.”

तात्या फुसकन हसले आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. साहेबांचं तोंड मात्र सुपारी चघळल्यासारखं नुसतं हललं.

त्यांना आता जीपकडे जायचं होतं, म्हणजे माझ्याच होडीतून. ते आणि तात्या बसले. साहेब माझ्याकडे तोंड करून मधल्या फळीवर. मांडीवर कागद ठेवून लिहायला लागले. मी वल्हवत होतो आणि डोळे कागदावर होते. कागद मला उलटा दिसत होता. छापील ओळ लावायला खाडीचा पाव भाग गेला. ‘उमेदवार सूचनांचे पालन करतो काय?’ त्याच्यापुढे साहेबांनी एकच शब्द लिहिला होता. तो मला पटकन लागला, कारण छोटा होता. ‘नाही.’

वल्हं जड झालं. आजा आठवला, बा आठवला. उद्यापासून सकाळी उठून कुठे जायचं ते सुचेना. साहेबांनी त्याच्याखाली आणखी बरंच लिहिलं, पण भराभर आणि अक्षरात अक्षर अडकवून. ते उलटं वाचणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी मान वाकडी करत गेलो आणि होडीही वाकडी होत गेली.

“लक्ष कुठे आहे तुझं?” साहेब म्हणाले.

“कागदात.”

“वाचता येतं?”

“सुलट असला तर. आणि सावकाश.”

साहेबांनी कागद फिरवला आणि माझ्यासमोर धरला. मी वल्हं मांडीवर आडवं घेतलं.

“उ... मे... दवार,” मी खालच्या हस्ताक्षरापासून सुरू केलं. “सू... सूच...”

“आण इकडे, मी वाचून दाखवतो,” तात्या म्हणाले.

“त्याला वाचू द्या,” साहेब म्हणाले.

वारा कागद फडफडवत होता आणि साहेबांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी एकेक अक्षर बोटाखाली घेत गेलो. जोडाक्षरांशी अडलो, मागे आलो, पुन्हा निघालो.

“उमेदवार सूचनांचे पालन करत नाही. उतारू... उतारूंचे हित... पाहतो. प्र... प्रमाणपत्र... द्यावे.”

मी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं. तोवर ओहोटीने होडी धक्का सोडून पार खालच्या कांदळवनात नेली होती. ते साहेबांनी कागदावर लिहिलं नाही.

घरी आलो तेव्हा अनसूया दारातच उभी होती.

“काय लिहिलंन साहेबाने?”

“लिहिलंय, की हा सांगितलेलं ऐकत नाही.”

“हे तर मी लग्नापासून सांगतेय,” ती म्हणाली. “त्याला सरकारचा माणूस कशाला यायला लागला?”